मैदानबंदीची दोरी

ज्या जागेला भिंत नाही, दार नाही, तिकीट नाही, त्या जागेतून तुम्ही एखाद्या माणसाला बाहेर कसं काढाल? आणि काढलंत, तर तो बाहेरच राहील हे कसं बघाल?

पोलीस म्हणतील, काठीने. वकील म्हणतील, कोर्टाच्या हुकुमाने. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. माझ्याकडे एक सुंभाची दोरी होती, एक कर्णा होता आणि कबड्डी समितीने दिलेली छातीवर लावायची एक फीत होती. फितीवर 'मैदानप्रमुख' असं लिहिलेलं असे. एवढ्या सामानावर मी महाड आणि पोलादपूर तालुक्यांत कित्येक हंगाम मैदानबंदी राबवली. या कामाबद्दल आजवर कुणी लिहिलेलं मी वाचलं नाही, म्हणून लिहितो.

बाहेरच्या वाचकासाठी आधी थोडं सांगायला हवं. आमच्याकडे कबड्डीचा हंगाम भात कापून झाल्यावर सुरू होतो. रिकाम्या खाचरांचे बांध फोडायचे, जमीन सपाट करायची, पाणी मारून चोपायची, वर फक्की टाकून रेषा आखायच्या, की झालं मैदान. भोवती बांबू रोवून चौफेर दोरी बांधतात. दोरीच्या आत प्रेक्षक बसतात, आणि ते गावागावाने बसतात. आपल्या गावचा घोळका सोडून दुसरीकडे बसलेला माणूस एक तर जावई असतो, नाही तर भांडून आलेला. डोंगरातल्या वाड्यांवर विजेचा भरवसा नसायचा, म्हणून सामने दुपारी सुरू होऊन उजेड आहे तोवर संपत. संघाला ग्रामदेवतेचं नाव. त्यामुळे संघ हरला की गावाला वाटतं, देवी हरली. भांडणाचं मूळ इथं आहे.

खेळाडू फारसे भांडत नाहीत. दम लागलेला माणूस भांडत नाही. भांडतो तो प्रेक्षक, कारण त्याचा सगळा दम शिल्लक असतो. पंचाने एखादा निर्णय विरोधात दिला की घोळक्यातून एक जण दोरीच्या आतून थेट रेषेवर येतो, त्याला धरायला दहा जण येतात, त्या दहांना धरायला दुसऱ्या गावचे वीस, आणि मग स्पर्धा त्या वर्षापुरती संपते. असं दोन-तीनदा झाल्यावर समितीने ठरवलं की दंगा करणाऱ्या माणसावर मैदानबंदी घालायची. एक हंगाम, दोन हंगाम, जसा गुन्हा तशी बंदी.

हे काम माझ्याकडे आलं ते मला लिहिता येतं म्हणून. पोटासाठी मी महाडच्या कोर्टासमोर अर्ज टाईप करून देत होतो. माझे वडील एका छापखान्यात खिळे जुळवायचे. आमच्या घरात पुस्तकं थोडी आणि पत्रकं फार. छपाईत बिघडलेली पत्रकं वडील घरी आणत आणि आमच्या वह्यांना त्यांचीच कव्हरं असत. 'जाहीर निषेध' हे शब्द मी 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी वाचले. त्यामुळे बंदीची घोषणा अशी लिहायची की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा, हे मला जमे. समितीला तेवढंच हवं होतं.

मला मात्र एक अडचण होती. महाडात वाढलेल्या माणसाला 'इथं यायचं नाही' हे वाक्य सहज तोंडातून काढता येत नाही. चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर आम्ही खेळलो. कुणाला कुठं येऊ द्यायचं नव्हतं आणि त्याचं पुढे काय झालं, हे या गावात शाळेच्याही आधी कळतं. मी ही अडचण वडिलांना सांगितली. ते जेवत होते. म्हणाले, "जन्मावरून बंदी घालणं वेगळं आणि वागण्यावरून घालणं वेगळं. पण फरक कुठे असतो सांगू? वागण्यावरच्या बंदीला शेवट असतो. तुझ्या बंदीला शेवट आहे का?"

"आहे ना. हंगाम संपला की बंदी संपली."

"मग घाल," म्हणाले आणि भाकरी मोडली.

तेव्हा मला वाटलं, प्रश्न सुटला.

बंदीचा दिवस असा असे. सामना सुरू होण्याआधी कर्ण्यावरून नाव घ्यायचं, बापाचं नाव घ्यायचं, गावाचं नाव घ्यायचं, केलेलं कृत्य सांगायचं आणि मुदत सांगायची. जनरेटरवर चालणारा कर्णा डोंगराला आपटून परत येई, त्यामुळे प्रत्येक बंदी दोनदा ऐकू यायची. मग तो माणूस उठून दोरीखालून बाहेर जाई. बाहेर उभं राहायला कुणाची हरकत नव्हती. बांधावरून, झाडावरून त्याला खेळ दिसायचा. शिक्षा ही होती की आपल्या गावच्या घोळक्यात बसायचं नाही.

आणि तो आत येऊ नये म्हणून एक नियम होता. तो गुरुजींनी काढला. गुरुजी म्हणजे आमचे सर्वांत जुने पंच, पोलादपूरकडच्या एका शाळेतले शिक्षक. नियम साधा होता: बंदीतला माणूस दोरीच्या आत दिसला, तर त्याच्या गावचा संघ बाद. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हा नियम क्रूर वाटला. मग लक्षात आलं, मला पहारेकरी नेमायची गरजच उरली नाही. बंदीतल्या माणसावर त्याचं सगळं गाव डोळा ठेवी. बायको घरातून निघताना विचारी, "कुठं निघालाव? तिकडं जायचं नाय हां. पोरं बाद व्हतील."

तरी लोक यायचेच. घाटाखालच्या एका वाडीतला बाबू नावाचा माणूस खालूबाजाच्या ताफ्यात घुसून आत आला. आमच्याकडे संघ मैदानात येतो तो ढोल-सनईच्या खालूबाजासह. बाबूने फेटा बांधला होता, तोंडाला सनई लावली होती आणि गाल असे फुगवले होते की ओळखूच येऊ नये. ताफा माझ्यासमोरून गेला. एक सनई वाजत होती, दुसरी नुसतीच हलत होती. मी त्याला थांबवलं.

"वाजव बघू."

"आज सूर लागत नाय," तो म्हणाला.

"बाबू, तुझा सूर जन्मात कधी लागलाय का?"

"नाय," तो म्हणाला, फेटा काढून माझ्या हातात दिला आणि स्वतःच दोरीखालून बाहेर गेला. त्याचा संघ बाद करायचा की नाही यावर समितीत वाद झाला. गुरुजी म्हणाले, "ताफा अजून मैदानात पोचला नव्हता, वाटेत होता." आम्ही ते मान्य केलं. सगळ्यांना ते मान्य करायचं होतं.

तुडीलची चंद्रामावशी मात्र मला हरवून गेली. मावशी खाडीची मासळी विकायची. पंचाने तिच्या भाच्याला बाद दिलं म्हणून तिने टोपलीतलं पाणी पंचाच्या अंगावर ओतलं. तिच्यावर एका हंगामाची बंदी घातली. पुढच्या रविवारी ती आली आणि दोरीला पोट टेकवून, पण बाहेर, उभी राहिली. सामना सुरू झाल्यापासून तिचं तोंड सुरू झालं. पंचाच्या सात पिढ्या तिने मोजल्या नाहीत, एकेकीला उभं करून जाब विचारला. मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, "मावशी, तुमच्यावर बंदी आहे."

"रे बाबा, बंदी माज्या पायावर घातलीस. तोंडावर कुठं घातलीस? तुज्या त्या कागदात वाच बघू."

मी घोषणा पुन्हा वाचली. मावशीचं बरोबर होतं. पंच त्या दिवशी मला म्हणाले, "हिला आत घ्या हो. आत असली म्हणजे निदान शेजारणी गप्प करतात."

असे हे लोक. हसून सोडून देण्यासारखे. धाकूदादा तसा नव्हता.

धाकूदादा करंजाच्या कोंडातला. कोंड म्हणजे वाडी. पोलादपूरहून आंबेनळी घाटाची वाट धरली की उजव्या हाताला आत जावं लागतं. उंच, बारीक, बोलणं कमी. त्याचा भाऊ महादू मुंबईला नोकरीला आणि तिथल्या ग्रामस्थ मंडळाचा चिटणीस. गावची शेती धाकूदादा कसायचा. त्याची मुलगी वंदना शाळेपासून कबड्डी खेळायची आणि पुढे कोंडाच्या मुलींच्या संघाची कर्णधार झाली. डोंगरातल्या वाडीने मुलींचा संघ काढला यात धाकूदादाचा हात मोठा होता. "पोरी पान्याचे हंडे घेऊन डोंगर चढतात तेव्हा कुनाला लाज वाटत नाय, मंग खेळल्या तर का वाटावी?" असं त्याने गावकीच्या बैठकीत विचारलं होतं. आमच्या घरच्या पत्रकांत हे वाक्य शोभलं असतं.

पोलादपूरच्या एका स्पर्धेत वंदना चढाई करून परत येताना मध्यरेषेजवळ पडली. तिचा हात रेषेला लागला असं कोंडाचं म्हणणं, नाही लागला असा गुरुजींचा निर्णय. धाकूदादा घोळक्यातून उठला, शांतपणे चालत मैदानात आला आणि त्याने गुरुजींच्या थोबाडीत दिली. तो ओरडला नाही की शिवी दिली नाही, त्यामुळे क्षणभर कुणाला काही कळलंच नाही. मग जे व्हायचं ते झालं.

पंचावर हात उगारण्याला आमच्याकडे सर्वांत मोठी बंदी होती: तो हंगाम आणि पुढचा पूर्ण हंगाम. घोषणा मी लिहिली, मीच वाचली. चांगली लिहिली होती. धाकूदादा उभा राहून शेवटपर्यंत ऐकत होता. दोरीखालून जाताना त्याने मान वाकवली, तेव्हा वंदना त्याच्याकडे बघत नव्हती, जमिनीकडे बघत होती.

पुढच्या हंगामात करंजाच्या कोंडाने पहिल्यांदाच मुलींची अंतिम फेरी आपल्या गावात भरवायला मागून घेतली. मुंबईच्या मंडळाने खर्च उचलला. आता डोंगरात सपाट जागा कुठली असणार? रस्त्यालगत एकच मोठं खाचर होतं. समितीचे अध्यक्ष, आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो, त्यांनी पोलादपूरच्या बूथवरून मुंबईला फोन लावला आणि जमिनीच्या मालकाची परवानगी घेतली. मालक कोण, तर महादू. सातबाऱ्यावर थोरला म्हणून त्याचं नाव आधी होतं आणि फोनही त्याच्याच ऑफिसात होता. आमच्या भागात ही चूक रोज होते. जमीन विचारायची तर मुंबईला विचारायची, कारण मुंबई फोन उचलते. त्या खाचरात जो माणूस वर्षभर उभा असतो त्याला कुणी विचारत नाही. समितीतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही की हे खाचर धाकूदादाचं आहे. माझ्याही नाही.

सामन्याच्या दिवशी सकाळची एसटी धरून मी कोंडावर पोचलो, तेव्हा एक माणूस गुडघ्यावर बसून लाकडी चोपण्याने जमीन ठोकत होता. मैदान इतकं सुरेख झालं होतं की त्यावर पाय ठेवायला जीव होईना. त्या माणसाने वर बघितलं.

"दादा, तुम्ही इथं?"

"मंग कुठं? माज्या खाचरात नाय, तर काय तुज्या म्हाडात?"

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. तरी मी फीत लावलेला माणूस. म्हटलं, "दादा, तुमच्यावर बंदी आहे."

"ती मैदानावर. हितं मैदान कुठं हाय अजून? फक्की पडली का? दोरी लागली का?" त्याने चोपणं बाजूला ठेवलं. "महिनाभर चोपतोय मी ह्याला. एक खडा ठेवला नाय. पोरी पडतील तर गुडगं फुटू नयेत. तुमची दोरी लागंल तवा माजा मी जाईन. मला शिकवायला येऊ नको."

खाचर कधी मैदान होतं, याचा मी इतक्या हंगामांत विचारच केला नव्हता. त्याने केला होता.

दुपारी आम्ही फक्की टाकली आणि दोरी लावायला घेतली. धाकूदादा एकेक बांबू पकडून धरत होता, दोरी ओढून घेत होता. शेवटच्या बांबूपाशी आलो तेव्हा त्याने दोरीचं टोक माझ्या हातातून घेतलं, दोरीखालून बाहेर गेला आणि बाहेरच्या बाजूने गाठ मारली. गाठ ओढून बघितली. मग दहा पावलं जाऊन बांधावरच्या दगडावर बसला.

एवढ्यावर संपलं असतं तर बरं झालं असतं. पण समोरचा संघ महाडकडचा होता आणि त्यांचे व्यवस्थापक, दादासाहेब म्हणत त्यांना, नियम पाठ असलेले होते. ते माझ्याकडे आले.

"बंदीतला माणूस मैदानावर आहे."

"बाहेर आहे. दोरीच्या."

"बांध त्याच खाचराचा ना? म्हणजे मैदानाचाच. संघ बाद करा."

"नियमात दोरी आहे, दादासाहेब. बांध नाही."

"ठीक," ते म्हणाले. "दोरीच्या आत एक पाऊल पडू दे, मग बघू."

कोंडाच्या मुली हे ऐकत होत्या. वंदनाने बांधाकडे एकदा बघितलं आणि केस घट्ट बांधून घेतले. हा संघ उभा करायला त्या मुलींनी काय काय सोसलं होतं ते मला ठाऊक होतं. अंतिम फेरीत बाद झाल्या असत्या, तर गावकीने पुढच्या वर्षी संघच ठेवला नसता. "पोरींना खेळवलं की असं व्हतं" म्हणायला काही जण टपलेले होतेच.

आणि नेमका तेव्हा महादू कर्ण्यावर गेला. सफारी, गॉगल, मुंबईहून आदल्या दिवशी आलेला. मनाने निर्मळ माणूस. भावावर बंदी आहे हे त्याला कुणीतरी कधीतरी सांगितलंही असेल, पण मुंबईच्या माणसाला गावच्या गोष्टी गावात पोचल्यावरच आठवतात, आणि कधी कधी तेव्हाही नाही. तो म्हणाला, "आता आपल्या रीतीप्रमाणे ज्याची माती, त्याचा नारळ. मी तर साला कागदावरचा मालक. या मातीचा असली मालक, माझा भाऊ धाकू, याने मैदानाच्या मध्यभागी येऊन नारळ फोडावा, अशी मी त्याला विनंती करतो!"

कर्णा डोंगरावर आपटून परत आला. 'विनंती करतो' दोनदा ऐकू आलं.

आमच्याकडे ही रीत मोठी आहे. ज्याच्या जमिनीत खेळायचं त्याच्या हातचा नारळ झाल्याशिवाय पहिली चढाई होत नाही. मालकाने नारळ नाकारला, तर त्या मैदानावर कुणीतरी हातपाय मोडून घेणार असं लोक धरून चालतात. धाकूदादा बांधावर उठून उभा राहिला. त्याच्यापासून मैदानाच्या मध्यापर्यंतची माती त्याने स्वतः चोपलेली होती. मध्ये दोरी होती. दादासाहेब हाताची घडी घालून दोरीकडेच बघत होते.

मी गुरुजींकडे बघितलं. पंच तेच होते. त्यांनी खांदे हलवले: तुझं काम, तू बघ.

माझं काम काय होतं ते मला चांगलं माहीत होतं. बंदी सगळ्यांना सारखी. बाबूला सारखी, मावशीला सारखी, आणि ज्याचं शेत आहे त्यालाही सारखी. एकाला सूट दिली की ती बंदी राहत नाही, मर्जी होते. हे मी पत्रकांतून शिकलो होतो आणि आजही मानतो. मी दोरीपाशी जाऊन उभा राहिलो.

मी काही बोलण्याआधी वंदना आली. तिने महादूकाकाच्या हातातून नारळ घेतला, सरळ चालत दोरीपर्यंत आली आणि दोरीवरून हात पुढे केला.

"आबा, तिथंच फोडा. पानी मी नेते."

धाकूदादा दोरीपर्यंत आला. नारळ घेतला. मागे जाऊन त्याच बांधावरच्या दगडावर एका घावात फोडला. दोन्ही भकलं वर धरून, पाणी सांडू न देता, तो परत दोरीशी आला. वंदनाने ती घेतली, मध्यरेषेवर जाऊन पाणी शिंपडलं आणि हात मातीला लावून कपाळाला लावला. खालूबाजा वाजला.

मी दादासाहेबांकडे बघितलं. ते म्हणाले, "दोरी ओलांडली नाही. बरोबर आहे." नियमाचा माणूस नियमाला धरून राहिला, याबद्दल मला त्यांचा आदर आहे.

सामना सुरू झाला. धाकूदादा पुन्हा दगडावर जाऊन बसला, पण मैदानाकडे पाठ करून. समोर डोंगर. मी थोड्या वेळाने त्याच्याकडे गेलो. म्हटलं, "दादा, इथून बघायला मनाई नाही. वळा की."

"नको."

"का?"

"बघितलं तर पाय जातील."

त्याने तो सगळा सामना कर्ण्यावरून ऐकला. वंदनाचं नाव आलं की त्याच्या पाठीचा कणा ताठ व्हायचा, एवढंच मला दिसत होतं. शेवटी शेवटी गुण बरोबरीत आले. वंदना चढाईला गेली, दोघींनी तिला पकडलं, ती सगळं अंग ओढत मध्यरेषेकडे आली आणि हात टाकला. लागला की नाही? मी जवळ होतो आणि मला आजही सांगता येणार नाही. गुरुजींनी तिला बाद दिलं.

कोंडाचा घोळका उठला. मी दोरीकडे धावलो नाही. बांधाकडे धावलो. धाकूदादा दगडावर तसाच बसला होता. दोन्ही हातांनी दगड धरला होता. मागे वळला नाही. घोळक्यातल्या कुणीतरी त्याला तसं बसलेलं बघितलं, मग दुसऱ्याने बघितलं. ज्याची पोर बाद झाली तो बाप बसून आहे म्हटल्यावर बाकीच्यांना उभं राहायचं कारण उरलं नाही. एकेक जण खाली बसला. कोंड एका गुणाने हरलं. इतक्या वर्षांत भांडण मी दोरीने थांबवलं, कर्ण्याने थांबवलं, हात जोडूनही थांबवलं. पाठीने थांबलेलं तेवढं एकच.

बक्षीस झाल्यावर गुरुजी दोरीखालून बाहेर आले आणि त्याच्या शेजारी दगडावर बसले. म्हणाले, "धाकू, आज वाद घालायला जागा होती."

"व्हती ना," धाकूदादा म्हणाला. "पन दोरी मीच बांधलीवती."

ही गोष्ट मी इथं थांबवली असती तर तुम्ही ती चांगली म्हणून विसरून गेला असता.

हंगाम संपला, बंदी संपली. पुढच्या हंगामात पोलादपूरच्या पहिल्याच स्पर्धेत करंजाच्या कोंडाचा संघ होता आणि धाकूदादा दोरीबाहेर उभा होता. मी जाऊन म्हटलं, "दादा, चला आत. बंदी संपली."

"कोनी सांगितलं?"

"मी सांगतोय ना."

तो म्हणाला, "घातलीवती तवा कर्न्यावरनं सांगितलीस. बापाच्या नावासकट. सारा तालुका ऐकत व्हता. आनि उठली ती कानात सांगतोस व्हय रे?"

वडिलांनी जेवताना विचारलेला प्रश्न मला तेव्हा कळला. बंदीला शेवट होता, पण तो फक्त आम्हाला माहीत होता. बाबू आपल्या मनाने आत आला, चंद्रामावशी तोंडाने कधी बाहेर गेलीच नव्हती. पण ज्या माणसाने बंदी मनापासून पाळली, त्याला आत यायला वाटच ठेवली नव्हती. म्हणजे शिक्षा कुणाला लांबली, तर ज्याने नियम मानला त्याला.

मी समितीपुढे ठराव मांडला की बंदी उठल्याचीही घोषणा कर्ण्यावरून व्हावी, नावासकट. भाऊ म्हणाले, "म्हणजे पंचाला मारणाऱ्याचा सत्कार करायचा का आता? शाल पण आणू का?"

"सत्कार नाही. मुदत पूर्ण झाली एवढंच सांगायचं."

"अरे, न बोलता आत येऊन बसू दे की. कोण अडवतंय त्याला?"

कुणी अडवत नव्हतं हे खरं होतं. ठराव पुढच्या बैठकीवर गेला आणि तिथून पुढच्या. गुरुजी एकटेच माझ्या बाजूने होते, पण त्यांची बदली झाली. मग मी मला येत होतं ते केलं. वडिलांच्या छापखान्यात पत्रक छापलं. 'जाहीर निवेदन' असा मथळा, खाली ज्यांच्या ज्यांच्या बंद्या संपल्या त्यांची नावं, आणि 'हे सर्व आपले आहेत, त्यांना आपल्यात बसवून घ्या' असं शेवटी. महाडच्या स्पर्धेत हाताने वाटलं. अर्ध्या तासाने मी उकडलेल्या शेंगा घेतल्या, त्या मला माझ्याच पत्रकाच्या पुडीत मिळाल्या. धाकूदादाचं नाव मिठाने ओलं झालं होतं. त्या दिवशी फीत भाऊंच्या हातात दिली आणि हे काम सोडलं. मला माझ्या बंद्यांचा अभिमान होता आणि तो बराचसा अजून आहे. पण ज्या बंदीचा शेवट सांगायला समितीला जीभ नाही, ती बंदी वागण्यावरची उरत नाही. ती माणसावरची होते, आणि तशी बंदी राबवायला मी महाडात जन्मलो नाही.

धाकूदादा अजून सामन्यांना येतो. दोरीबाहेर, बांध असेल तर बांधावर. हल्ली मैदानाकडे तोंड करून बसतो. वंदनाला खेळामुळे मुंबईत नोकरी लागली. ती परवा भेटली तेव्हा म्हणाली की या हंगामात कोंडाकडून एकदा खेळणार, मग गुडघा ऐकत नाही म्हणून थांबणार. तिच्या बापाने आपल्या गावच्या घोळक्यात बसून तिला खेळताना शेवटचं पाहिलं, ते तो उठून गुरुजींकडे चालत गेला त्या दिवशी.

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा भात कापून होत आलेलं असेल. कुठेतरी बांध फोडायला सुरुवात झाली असेल. वाचणाऱ्यांत कुणी समितीवर असेल, कुणाच्या मंडळाचा कर्णा असेल, कुणी नुसता प्रेक्षक असेल. तुम्हाला एकच विनंती आहे. करंजाच्या कोंडाचा सामना असेल त्या दिवशी, नारळ फुटण्याआधी, कर्णा हातात घ्या आणि धाकूदादाचं नाव घ्या, बापाच्या आणि गावाच्या नावासकट, जसं मी घेतलं होतं. सांगा की मुदत पूर्ण झाली. मोठ्याने सांगा, डोंगरावरून परत येईल असं. आणि तो आला की दोघांनी पुढे होऊन दोरी जरा वर उचलून धरा. उंच माणूस आहे, त्याला वाकायला लावू नका.